उताणा किडा

तासगावात मोटारीची वाट बघत बसलो होतो. बाकावर शेजारी मामा-भाचे होते. भाचा गुंडा आदल्या दिवशी जत्रेतली कुस्ती हरला होता आणि केरबामामा त्याला माधवनगरच्या गिरणीत चिकटवायला निघाले होते.

"आता तालीम बंद. तुज्या पाठीला माती लागली, सगळ्या गावानं बघितली."

"मामा, पाय उचला. खाली किडा हाय."

"उताणा पडलाय. त्यो बी चीत."

"पाय लय आखूड हायती त्येचं, भुईला पोचत न्हाईत. पाठ ढालीवानी टणक, कूस बदलाय येत न्हाई."

"मग मेला म्हण की."

"त्येची मान बघा. मागं वाकवतोय. छातीखाली खुंटी हाय, ती पोटावरच्या खाचंच्या कडंला अडकवून ताण धरतोय."

"आन् मग?"

टक्कन आवाज झाला. किडा वीतभर उडाला आणि परत उताणाच पडला.

"बघितलंस? परत चीत."

"पंचांचा कायदा त्येला कुणी सांगितलाय? बघा, परत मान वाकवली."

पुन्हा टक्. या खेपेला किडा पायांवर उतरला आणि बाकाखाली चालता झाला.

तेवढ्यात मोटार आली.

"ऊठ गुंडा. माधवनगरची हाय."

"तुमी जावा, मामा. मी तालमीत चाललोय, मान कमवाय."

"आन् परत माती लागली तर?"

"माती झाडली की जाती, मामा."