जानेवारीत अधिक चार

…आणि वर मलाच म्हणते, "अगं, आनंद मान की!" आनंद? भर जानेवारीत छपरावरून पाणी ठिबकतंय, दारात चिखल झालाय, आणि मी आनंद मानू? तुम्हाला सांगते, थंडीबद्दल माझी तक्रारच नाही! ही डोरीन, माझी थोरली बहीण, लग्न करून गेली पार तिकडे व्हिक्टोरियाला, समुद्राकाठी, आणि तेव्हापासून रोज सकाळी हिचा फोन, "आमच्याकडे अधिक नऊ! अंगणात फुलं आलीत! तुमच्याकडे गं?" मी म्हणायचं, "उणे एक्केचाळीस." की लगेच, "अगं बाई! कशा गं राहता तुम्ही!" मजेत राहतो! देश एक, झेंडा एक, आणि मधे पन्नास अंशांची दरी, त्याला मी काय करू? उणे चाळीसला आमचा तलाव दगड होतो दगड! त्यावरून ट्रक येतात, पीठ येतं, डिझेल येतं, नको ते पाहुणेसुद्धा येतात. हिवाळ्यात गावाला दुसरा रस्ताच नाही. म्हणून म्हणते, थंडीबद्दल तक्रार नाही. पण यंदा मेली हवा फिरली. अधिक चार!

आणि नेमक्या तेव्हाच आमच्या सासूबाई तलावापलीकडे, शहरात, डोळ्याचं ऑपरेशन करून बसलेल्या. मी आणि गिल्बर्ट, म्हणजे माझा नवरा, आणायला गेलो. तो म्हणाला, "आई, जरा थांबू या, थंडी पडू दे." तर म्हणतात कशा, "मरायचंच असेल तर माझ्या अंथरुणात मरेन, ह्या लॉजच्या गादीवर नाही!" आता मायलेकांत सून काय बोलणार? निघालो.

तलावावर गाडी घातली आणि… बर्फावर घोटाभर पाणी हो! वर आभाळ, खाली आभाळ, मधे आम्ही. सीटचे पट्टे सोडलेले, दारं सताड उघडी, बुडालो तर उडी मारता यावी म्हणून. गाडी गोगलगाईसारखी. आणि आवाज? चांगला बर्फ बोलतो, बरं का! तडकतो, गडगडतो, तोफ डागल्यासारखा दणका देतो, तेव्हा समजायचं की गड्याची तब्येत ठणठणीत. ह्याच्या तोंडून अवाक्षर नाही! मी म्हटलं, "गिल्बर्ट, हा बोलत नाहीये रे." "तूही बोलू नकोस." मागे वळून बघते तर सासूबाईही गप्प. झोपेतसुद्धा ज्यांचं तोंड बंद नसतं, त्या गप्प! तेव्हा मात्र मी एक पाय दाराबाहेर काढून ठेवला.

पुढे लॉर्नचा ट्रक चालला होता, गावच्या दुकानाचा माल घेऊन. आमच्या डोळ्यांदेखत त्याची मागची चाकं खाली गेली… सावकाश, एखादं म्हातारं माणूस खुर्चीत टेकावं तशी. लॉर्न खिडकीतून निघून टपावर चढला आणि ओरडला, "पुढे येऊ नका!" आमची गाडी थांबली. तेवढ्यात मागून गर्जना, "उतरा! एका जागी उभे राहू नका! पांगा! दोर काढ, गिल्बर्ट!" एका डोळ्याला पट्टी, आणि ही बाई त्या पाण्यात सेनापतीसारखी उभी! गिल्बर्ट पोटावर सरपटत पुढे गेला, दोर फेकला, लॉर्नने कमरेला बांधला आणि उडी टाकली. मी ओढतेय, माझ्या बऱ्याच मागे सासूबाई ओढतायत, आणि ओढता ओढता काय म्हणाव्यात? "जोर लाव गं! पीठ मळतानाही तू अशीच कुचराई करतेस!" अहो, मरणाच्या दारात पिठाचा हिशेब! मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

लॉर्न आला बर्फावर, सीलसारखा घसरत. मागे ट्रक गेला. बुडबुडे आले, आणि मग त्या काळ्या पाण्यावर एकेक करून संत्री वर आली. गावभरची संत्री! लॉर्न दात वाजवत नुसता बघत राहिला.

आमची गाडी तिथेच सोडली. एकमेकांपासून लांब लांब, दोर धरून, काठापर्यंत चालत आलो. घरी येऊन बूट काढतेय तोच फोन. डोरीन! "बातम्यांत सांगितलं, तुमच्याकडे अधिक सहा! आता मजा आहे बाई तुमची!" मी म्हटलं, "डोरीन, थंडीबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती." आणि फोन ठेवून दिला.

तर आता परिस्थिती अशी. सासूबाईंचं घर समोरच्या बेटावर. गाडी घालावी तर पाणी, होडी घालावी तर बर्फ. म्हणून त्या आमच्याकडे. माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या पिठाकडे बघत. काल डोरीनने विचारलं, "अगं, सासूबाई राहणार तरी किती दिवस?"

मी म्हटलं, "ते आता हवामान खात्याला विचार."