वैमानिक व इतर पाच

“काका, विमानात माणसं किती होती?” वाटाड्याला मध्येच तोडून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून त्या शाळकरी मुलीने विचारलंच. महायुद्धात डोंगरमाथ्यावर आदळलेल्या विमानाचे अवशेष बघून सगळे खाली परतले होते आणि बसच्या रांगेतही वाटाड्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

“माणसं? अगं, इंजिनं दोन! एकेक हत्तीएवढं!”

“इंजिनं नाही, माणसं.”

“वर स्मारकावर कोरलंय की. वाचलं नाहीस?”

“वाचलं. अनावरण करणाऱ्या साहेबांचं नाव वीतभर अक्षरांत. खाली बारीक, ‘वैमानिक व इतर पाच’.”

“मग एक नि पाच सहा! गणित कच्चं दिसतंय.”

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मागच्या काठीवाल्या आजी हसल्या नाहीत.

“त्या इतरांत माझे वडील आहेत.”

“अरे वा, आजी! आधी सांगायचं ना! मस्त फोटो काढला असता.”

“फोटो नको. नाव कोरा.”

“दगडावर जागा कुठाय? साहेबांचं नाव पडलं लांबलचक.”

“माझ्या वडिलांचं तीनच अक्षरी होतं हो.”

“बस आली वाटतं,” वाटाड्या रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाला.

तिने वही काढली. “आजी, मला सांगा नाव. बाकीच्यांची माहीत आहेत?”

“सहाही पाठ आहेत. लिही.”

घरी चपला काढायच्या आतच तिने जाहीर केलं, “आई, बाबा, शुक्रवारी शाळेत ते स्मारकवाले साहेब येतायत ना, त्यांची ओळख मी करून देणार नाही.”

“अगं, मग स्टेजवर बोलणार काय?”

“सहा जणांची ओळख करून देणार. साहेबांनी पहिल्या रांगेत बसून ऐकायची.”