गॅलरीतली हजेरी

—नाही, बसा. तिथे, सहा फुटांवर. आरोग्य केंद्राने पाठवलंय ना तुम्हाला, मग ऐकूनच जा आता. मन रमवा, खोल श्वास घ्या, घरातल्या घरात चाला – हे मला सांगायला आलात? मला? चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली मी. या कागदावर जे छापलंय ना, ते पोरांकडून छडी दाखवून करून घेतलंय. आणि हे काय – 'गेल्या आठवड्यात उदास वाटलं का?' उदास! कवायतीला उभं केलं की उतरतात असले चोचले.

लॉकडाऊन लागला तेव्हा अख्खी कॉलनी लोळत होती. एकेकाची पोटं अशी सुटलेली! मी काय केलं? सकाळी सहाला या गॅलरीत उभा राहिलो आणि शिट्टी फुंकली. पहिल्या दिवशी शिव्या घातल्या लोकांनी – घाला म्हटलं. पंधरा दिवसांत समोरच्या इमारतीत एकवीस माणसं गॅलरीत उभी, हात वर, हात खाली! आणि हजेरी रीतसर – हो, वही घातली मी. न आलेल्याला हाक मारायची नाही, विनवण्या तर नाहीच. तीन दिवस गैरहजर, चौथ्या दिवशी नाव कमी. तोंड काय वाकडं करता? शाळेत हेच करायचो. तुम्ही लोक नुसते गोंजारत बसता, तिथेच चुकतं.

धाकटा भाऊ? कुणी सांगितलं तुम्हाला – वॉचमनने? तोंडाला कुलूप नाही त्या माणसाच्या. हो, समोरच राहायचा, एकटा. जन्माचा आळशी. आई-वडील लवकर गेले, मीच वाढवला, पण शिस्त म्हणून लागली नाही – हातसुद्धा अर्धेच वर करायचा. एके सकाळी आला नाही. लोळतोय, म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाही. फोन होता की माझ्या हातात – नाही केला. का करू? भावासाठी नियम मोडला तर बाकीचे वीस काय म्हणतील? तिसऱ्या दिवशी त्याचा पडदा जरासा हलला, तेव्हा तर अशी तिडीक गेली डोक्यात – जागा आहे आणि येत नाही! चौथ्या दिवशी लाल पेनने नावावर रेघ मारली.

नाव कमी केलं की पोरं बापाला घेऊन हजर व्हायची हो. नेहमी. एक पोर चुकलं नाही कधी. मी आपला दार उघडं ठेवून बसलो, येईल म्हणून. हा कुणाला घेऊन येणार होता? बाप म्हणून मीच होतो ना त्याला – दुपारी शेजाऱ्यांनी त्याचं दार तोडलं. गेला होता. चार दिवस तापाने फणफणत होता, म्हणाले. गॅलरीच्या दारातच पडलेला, पडद्याचं टोक मुठीत –

लिहू नका ते. खोडा. उठा, झालं तुमचं. आणि तो मास्क आधी नाकावर घ्या – एवढं जमत नाही, आणि निघालात लोकांना सवयी लावायला!