कोणाचा रे तू

रामभाऊ : अन् आपण बाहेरच उभं राहायचं?

मोनाली : हो बाबा. दार अर्धं उघडं ठेवलंय, सगळं ऐकू येईल. मी आत गेले तर डॉन प्रत्येक शब्दाला माझ्या तोंडाकडे बघेल. हळू बोला फक्त.

रामभाऊ : डॉन म्हणजे तो म्हातारा? खुर्चीत टोपी चुरगाळून राहिला तो? मले वाटलं, तुझा विद्यार्थी म्हणजे कोणी कॉलेजातला पोरगा असंल.

मोनाली : हाच माझा विद्यार्थी. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. आयुष्यभर इथल्या शाळेची बस चालवली त्यानं. आणि पलंगावर आहे ती त्याची आई, असुंता. शंभरीला टेकलीय. लग्न करून इटलीहून इकडे अमेरिकेत आली. नवरा इथल्या चुनखडीच्या खाणीत होता.

रामभाऊ : आईशी बोलाले मुलानं क्लास लावला? इतके वर्षं काय मुके होते का दोघं?

मोनाली : इंग्लिश बोलायचे ना. मागच्या हिवाळ्यात तिला स्ट्रोक आला. त्यातून उठली, पण इंग्लिश गेलं. सगळं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. उरली ती लहानपणची, डोंगरातल्या खेड्याची. आणि डॉनला तिच्यातला एक शब्द येत नव्हता.

रामभाऊ : थांब. म्हणजे माय जित्ती, लेक जित्ता, अन् मधात भाषाच नाही?

मोनाली : तो रोज येतो. ‘मॉम, मॉम’ करत बसतो. तिला वाटतं, हा हॉस्पिटलचा कोणीतरी. ‘जा बाबा, मला सुई नको’ म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते.

रामभाऊ : पण काहून नव्हतं शिकवलं तिनं त्याले लहानपणी?

मोनाली : दुकानात, शाळेत तिच्या बोलण्याला लोक हसायचे. तिनं ठरवून टाकलं, माझ्या पोराला कोणी हसता कामा नये. मग मोडकंतोडकं इंग्लिशच बोलली त्याच्याशी. डॉन सांगतो, अंगाई म्हणून ती त्याला रेडिओवरची साबणाची जाहिरात म्हणायची. तेवढंच इंग्लिश गाणं तिला येत होतं.

रामभाऊ : बाप्पा.

मोनाली : बाबा, तुमचा खिसा गुरगुरतोय.

रामभाऊ : अतुलचा फोन आहे. क्युपर्टिनोहून. आज सांगतो म्हटलं होतं मी त्याले.

मोनाली : काय सांगणार होतात?

रामभाऊ : तुले माहीत आहे. त्याच्या कॉम्प्युटर कंपनीत जागा आहे, तो शब्द टाकाले तयार आहे. भावासारखा भाऊ आहे तो तुझा. मी काय म्हणतो मोना, तू इंजिनिअर झाली, पुण्याची चांगली नोकरी सोडली. नागपुरात लोक मले विचारतात, पोरगी काय शिकते? मी म्हणतो, अमेरिकेत शिकते. पुढचं मलेच सांगता येत नाही.

मोनाली : सोपं आहे. जे इटालियन नाहीत त्यांना इटालियन भाषा आणि तिथलं जगणं कसं शिकवायचं, त्याचं एमए.

रामभाऊ : हेच तर. शिकवणारी इटालियन नाही, शिकणारे इटालियन नाहीत, अन् गाव अमेरिकेचं! कोणाले समजावू मी हे?

मोनाली : नका उचलू आत्ता फोन. प्लीज. नर्स निघाली बघा. आता तो सुरू करेल.

रामभाऊ : तुले काहून घाम आला?

मोनाली : कारण आधी एकदा फसलंय, बाबा. सुरुवातीला मी त्याला पुस्तकातलं शिकवलं. ‘नमस्कार, आपण कशा आहात’, कॉफी मागवणं, तिकीट काढणं. महिनाभर पाठ करून तो इथे येऊन छान बोलला. तर ती घाबरली. रडायलाच लागली.

रामभाऊ : घाबरली? आपली भाषा ऐकून?

मोनाली : तिची नव्हतीच ती. तिच्या गावात तशी भाषा फक्त साहेब लोक बोलायचे. कर घ्यायला येणारे, सैन्यात पोरं न्यायला येणारे. तिला वाटलं, सरकारी माणूस आला.

रामभाऊ : हो, तसं वाटते. कचेरीतल्या साहेबानं शुद्ध मराठीत ‘आपण बसावे’ म्हटलं, तर माही माय दाराशी उभीच राहायची.

मोनाली : मग मी डॉनचे पुस्तकी क्लास थांबवले आणि स्वतः येऊन बसायला लागले तिच्यापाशी. विद्यार्थिनी होऊन. ही वस्तू दाखव, ती दाखव, हिला काय म्हणता, तिला काय म्हणता. चुकले की खदखदून हसायची. तिच्याकडून शिकायचं आणि लायब्ररीत डॉनला शिकवायचं. प्रोफेसर म्हणाल्या, डिग्री प्रमाण भाषेची आहे, खेड्याच्या बोलीवर प्रोजेक्ट करशील तर रिस्क तुझी.

रामभाऊ : अन् तू?

मोनाली : रिस्क घेतली. शू… बोलला तो. बोलला!

रामभाऊ : काय म्हणाला?

मोनाली : ‘मा, उन्हात घेऊ का तुला?’ तिच्या गावचं आहे हे, बाबा. थंडीत म्हाताऱ्यांना असंच विचारतात.

रामभाऊ : ती पाहून राहिली त्याच्याकडे.

मोनाली : हो.

रामभाऊ : तोंड नाही फिरवलं. आता ती बोलली. काय म्हणाली? सांग ना लवकर.

मोनाली : ‘आ कू अप्पार्तेनी?’ … म्हणाली, कोणाचा रे तू?

रामभाऊ : कोणाचा?

मोनाली : तिकडच्या खेड्यात अनोळखी पोराला नाव नाही विचारत. कोणाचा, ते विचारतात. कोणत्या घरचा.

रामभाऊ : मले नको सांगू. आमच्या गावात हेच विचारत. कोणाचा रे तू? अन् उत्तर ऐकलं की विचारणारा दोन पावलं मागं सरे.

मोनाली : माहीत आहे, बाबा.

रामभाऊ : तो काहून चूप आहे? विसरला का? जा ना तू आत, सांग त्याले!

मोनाली : नाही. हे मी शिकवलेलंच नाही. हा प्रश्न ती विचारेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याचं त्यालाच…

रामभाऊ : ओठ हलून राहिले त्याचे.

मोनाली : ‘तुझा.’ म्हणाला, ‘तुझा आहे मी. दोनातो.’

रामभाऊ : दोनातो कोण?

मोनाली : तोच. ते त्याचं खरं नाव. शाळेत घालताना तिनंच डॉन केलं.

रामभाऊ : आता ती?

मोनाली : म्हणते, ‘माझा दोनातो अमेरिकन आहे. त्याला आपलं बोलणं येत नाही. मीच येऊ दिलं नाही.’ … तो म्हणतो, ‘आता शिकलो, मा.’

रामभाऊ : मोना, हात पाहिला तिचा? सरकून राहिला त्याच्याकडे. तोच हात, जो सुई नको म्हणे.

मोनाली : बाबा, तुम्ही रडताय?

रामभाऊ : तू सांगत राहा. आता तर ती धडाधड बोलून राहिली. कळते का त्याले?

मोनाली : नाही. मलाही अर्धंच कळतंय. बकऱ्या… बापाचं काहीतरी… जहाज… थांबा, त्यानं थांबवलं तिला. ‘सावकाश, मा. परत सांग.’ हे मात्र मी शिकवलंय! पहिल्याच दिवशी! बाकी काही नाही आलं तरी चालेल, एवढं आलं पाहिजे, म्हटलं होतं.

रामभाऊ : ती हसली. दात नाहीत एकही, पण काय हसली! अन् आता हे काय करते? त्याचं नाक काहून पकडलं?

मोनाली : थांबा… ‘नासू.’ म्हणते, ‘नासू.’ तो म्हणाला, ‘नासू.’

रामभाऊ : नासू म्हणजे?

मोनाली : नाक.

रामभाऊ : नासू… नासिका! आपलंच आहे की! इतक्या दूरचं, अन् आपलंच?

मोनाली : लांबचं नातं आहे भाषांचं. बाबा, कळतंय का तुम्हाला, काय चाललंय ते? त्याची हनुवटी धरलीय तिनं. तोंड बघतेय, जीभ नीट वळते का ते. तान्ह्या पोराचं बघतात तसं. ती त्याला बोलायला शिकवतेय. त्या वेळी राहिलं होतं ना, ते आत्ता.

रामभाऊ : चौऱ्याहत्तर वर्षांच्या पोराले.

मोनाली : हो.

रामभाऊ : म्या चैत्यभूमीवर लाखाची गर्दी पाहिली, दीक्षाभूमीवर पाहिली. लाख माणूस एकदम गप्प होते, तेव्हा अंगावर असा काटा येते. इथं तर खोलीत दोघंच आहेत.

मोनाली : फोन परत वाजतोय.

रामभाऊ : उचलतो आता. … हां, अतुल. बोल बाळा. नाही, ऐक, जागा दुसऱ्या कोणाले दे. नाही, राग नाही, तुझे उपकार आहेत. पोरगी कामात आहे… काय काम? माय-लेकाची भेट करून देते ती. … नाही रे, हरवले नव्हते, एकाच खोलीत होते. बरं, रात्री सांगतो सगळं, आता ठेव.

(आतून दोन म्हाताऱ्या आवाजांचं हसू.)

मोनाली : मार्क मिळतील की नाही, अजून सांगता येत नाही हं बाबा.

रामभाऊ : कोणी विचारलं?

मोनाली : चला, आता आपण जाऊ या. मी लागत नाही त्यांना. कॅम्पसची बस येईल, नंतरची फार उशिरा आहे.

रामभाऊ : जाऊ दे बस. नाकाचं झालं. कानाले काय म्हणते, तेवढं ऐकू दे.