करंगळीखालची स्प्रिंग

...नाही, पण मी म्हणतो, बटण दाबायचं आणि काम व्हायचं, याच्यापलीकडे कीबोर्डाला दुसरा उद्योग असतो का हो? सकाळी दिंडोरीहून निघालेले आम्ही, साडेदहाला त्या दुकानात शिरलो आणि दुपारचा एक वाजला तरी तिथेच! साधा कीबोर्ड घ्यायचा होता हो, साधा.

पहिल्यापासून सांगतो. माझी तृप्ती, वय वर्षं वीस, कॉम्प्युटरवर गेम खेळते. टाइमपास नाही बरं का, पाच-पाच जणांच्या टीम असतात, स्पर्धा असतात, हे मला दोन वर्षं भांडल्यावर कळलं. तर नाशिकच्या एका टीमला पाचवा खेळाडू हवा होता, रविवारी निवड. आणि मी, बाप ना, मोठ्या तोंडाने अट घालून बसलो की घेतलं तर खेळ, नाही घेतलं तर कॉम्प्युटर झाकून ठेवायचा आणि पुण्याला आत्याकडे जाऊन बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. ती ‘चालेल पप्पा’ एवढंच म्हणाली आणि त्या दिवसापासून जेवताना बोलेना. खरं सांगतो तुम्हाला, शब्द तोंडातून गेला आणि मला पस्तावा झाला. पण बापाने शब्द मागे घ्यायचा म्हणजे... जाऊ द्या.

तिची अडचण काय, तर मागच्या स्पर्धेत, शेवटच्या डावात, करंगळी चुकून कोपऱ्यातल्या बटणावर दाबली गेली आणि हातबॉम्ब सुटला तो आपल्याच माणसांत. चौघं गारद. म्हटलं, नवा कीबोर्ड घेऊ. नाहीतरी शुक्रवारी नाशिकला जायचंच होतं, द्राक्षाची विरळणी तोंडावर आलेली, बायांसाठी कात्र्या आणायच्या होत्या. आणि कात्र्या म्हटलं की कुसाबाई आलीच. कुसाबाई म्हणजे आमच्या टोळीची मुकादम, पेठ तालुक्याकडची, वीस वर्षं घडातले जादा मणी कात्रीने काढतेय. तिने निवडल्याशिवाय टोळीतली एक बाई कात्रीला हात लावत नाही. नाशकात द्वारका चौकातल्या दुकानात गेली, डोळे मिटून एकेक कात्री कचकच करून बघितली, हव्या तेवढ्या बाजूला काढल्या, दहा मिनिटांत मोकळी. मी म्हटलं, वा, आता पटकन कीबोर्ड घेऊ आणि जेवायला घरी.

कुठलं काय! किशोर नावाचा तो दुकानदार, दाढीवरून हात फिरवत मला म्हणतो कसा, “सर, लिनिअर बघताय की टॅक्टाइल? प्लेट कुठली? फोम टाकायचा? स्विच सेपरेट येतील, कीकॅप्स सेपरेट येतील.” मी म्हटलं, अहो, जोडलेला मिळत नाही का? तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लग्नाला जाऊन नवऱ्या मुलालाच विचारलं, आपण कोण? “सर, कस्टम आहे ना!” बरं, कस्टम तर कस्टम. पण साधा कीबोर्ड घ्यायचा होता हो...

मग त्याने समोर एक पट्टी ठेवली. नऊ बटणं, प्रत्येकाखाली वेगळ्या स्प्रिंगचा स्विच. पस्तीस ग्रॅम, पंचेचाळीस, साठ, म्हणजे बोटाने तेवढा भार दिला की बटण लागतं. तृप्ती थेट पस्तीसवर. “पप्पा, हे सगळ्यात फास्ट, नुसतं टेकवलं तरी लागतं.” किशोर म्हणे, “मोठे प्लेअर हेच घेतात सर.” मी खिशात हात घातला आणि मागून आवाज आला, “ही नको.”

कुसाबाई. स्टुलावरून उठून आली, पट्टी पुढ्यात ओढली, डोळे मिटून करंगळीने टकटक केलं. “शेखरभाऊ, ही सकाळी लय गोड लागती. दुपारी हात दमला का न दाबता चालती. आमच्यात नव्या पोरी अशीच हलकी कात्री उचलत्यात, आन मग नको तो मणी तोडत्यात.” आणि तृप्तीचा हात हातात घेऊन बोटं चाचपायला लागली. “पोरी, दमल्यावर तुझी करंगळी टेकती कुठं?”

तृप्ती हळूच म्हणाली, “मावशी, त्याच बटणावर.”

अहो, दोन वर्षं मी तिला विचारत होतो, खेळून मिळणार काय? करंगळी कुठे टेकते हे काही मी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं हो मला.

“करंगळीखाली कडक घाला, बाकीच्या बोटांना मधली,” कुसाबाईने फर्मान काढलं. किशोर म्हणतो, “आजी, असं मिक्स कोणी करत नाही.” “मंग तुम्ही टोळी सांभाळलेली नाय,” ती म्हणाली, आणि बसली की मांडी घालून! एकेक स्विच दाबणार, कानाशी नेणार, “ह्यो खरखरतो, ह्यो ढिला हाय.” तिथे गेले ते अडीच तास! किशोर शेवटी तिच्यासाठी चहा घेऊन आला. साधा कीबोर्ड घ्यायचा होता हो...

रविवारी निवडीला कुसाबाई आमच्याआधी गाडीत जाऊन बसली. तृप्ती आत, आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. आतून नुसती टकटक. मला कळत काही नव्हतं, पण टकटक थांबली की माझा जीव वर. तुम्हाला सांगतो, मुलीने जिंकावं आणि माझी अट खड्ड्यात जावी म्हणून मी काळारामाला हात जोडले!

दोन तासांनी तृप्ती बाहेर आली. “पप्पा, करंगळी चार वेळा त्या बटणावर टेकली. बॉम्ब एकदाही सुटला नाही.” आणि मग म्हणाली, “घेतलं मला.” मी रडलो. रडलो तर रडलो, त्यात काय लपवायचं?

तेवढ्यात त्या टीमच्या कोच, संध्या मॅडम आल्या. “हा कीबोर्ड कोणी बसवला?” तृप्तीने बोट दाखवलं. मॅडम थेट कुसाबाईसमोर. “मावशी, आमच्या बाकीच्या चौघांचे हातही बघाल का? महिन्यावर स्पर्धा आहे, तोवर रोज यावं लागेल.”

कुसाबाईने पदर सारखा केला. “रोजंदारी ठरवा, येते.”

अहो, ऐन विरळणीत! मी म्हटलं, कुसाबाई, अगं बाग? तर म्हणते, “बाग कुठं पळून जाती शेखरभाऊ? पोरांची स्पर्धा जवळ आलीय.” आता बोला! पोरगी निवडली गेली, मुकादमही निवडली गेली. तशी माझीही निवड झाली म्हणा... रोज सकाळी दोघींना नाशिकला सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं.