बुंदीला धरणारी अवस

सरका जरा, शेकोटीला जागा द्या. आणि ऐका. म्हाताऱ्या माणसांनी तर कान देऊन ऐका, कारण या गोष्टीत भूत कोणी आणलं ते मी तोंडावर सांगणार आहे. आप्पा, उठून जायचं नाही!

तर ऐका. अवसेची रात्र. मळ्यातून रोजच्या वाटेनं गावाकडं निघालो. पुढं आप्पा, म्हणजे हे माझे थोरले चुलते. मागं मी. मधे आमची कुत्री बुंदी. चिंचओढा आला आणि बुंदी थांबली. नुसती उभी! डोळे एका जागी. तिथं काय होतं? काही नव्हतं! आणि धाडकन आडवी! चारी पाय असे, पळत असल्यासारखे. तोंडाला फेस.

"धरलं! चिंचेच्या हडळीनं धरलं हिला!" आप्पांनी पायातली चप्पल काढली, तिला हुंगवायला लागले. मग म्हणे जीभ गिळेल, अन् घातली की बोटं तोंडात! जबडा मिटला. आप्पा असे ओरडले, असे ओरडले, की हडळ असलीच तर ती चिंचेवरून उडी टाकून पळाली असेल. दाखवा आप्पा, ते बोट दाखवा सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जनावरांच्या शेंडगे डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई म्हणाल्या, "मिरगी आहे. माणसाला येते तशीच. सकाळी आठला गोळी, रात्री आठला गोळी, एकही चुकवायची नाही. झटका आला तर आजूबाजूचे दगड सरकवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला तर पळत या."

गोळी द्यायचं काम काकूकडं. गुळाच्या खड्यात घालून. आणि काय सांगू, महिना होत आला, काही नाही! बुंदी कोंबड्यांच्या मागं, काकू बुंदीच्या मागं. मजाच मजा!

आणि आली अवस. तोच ओढा. पुन्हा आडवी! त्याच्या पुढच्या अवसेला दोनदा! उठली तर तिला दिसेना, खोडाला धडकली. मला ओळखेना. माझ्यावर गुरगुरली हो, माझ्यावर!

"अवसेलाच का येतं, सांग की," आप्पा म्हणाले. "कॉलेज अर्धवट टाकलेल्या पोरीनं आम्हाला शिकवू नये. अजून एक अवस बघतो. नाहीतर पोत्यात घालून घाटापलीकडं सोडतो हिला."

खरंच, अवसेलाच का?

गोळ्या सुरू झाल्यापासूनची तिसरी अवस. ऐका आता. ओढा. आडवी. दगड सरकवले, मोबाईलवर वेळ लावली. एक मिनिट. दोन. थांबेना! तीन. आप्पा मंत्र पुटपुटतायत. चार. पाच! थांबेना!! तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो. मी आडवीच झाले त्याला. "आप्पा, चढा! तिला धरा, तोंडाकडं हात नको!" कॅनांच्या मधे आप्पा, मांडीवर बुंदी, आणि टेम्पो असा सुटला की आप्पांचा मंत्र दर खड्ड्याला पहिल्यापासून सुरू!

बाईंनी दार उघडलं, इंजेक्शन दिलं. पाय थांबले. श्वास चालू होता. अजून थोडा उशीर झाला असता तर गेलीच होती.

"गोळी चुकली का?"

"एकही नाही," मी म्हणाले.

आप्पा छताकडं बघायला लागले. "आज अवस ना. तिचा उपास असतो."

"कुत्रीचा उपास?"

"घरातलं जनावर, त्यानंही पाळावा. मीच सांगितलंय काकूला. गूळ देतो की! गूळ चालतो. ती गोळी तेवढी चालत नाही."

दर अवसेला! दोन्ही वेळची! पहिला झटका अवसेला आला तो योगायोग, पुढचे सगळे या उपासाचे! बाईंनी आप्पांकडं असं बघितलं, मला वाटलं दुसरं इंजेक्शन यांनाच.

पहाटे बुंदी उठली. घमेलंभर पाणी प्यायली, आप्पांचं तोंड चाटलं, आणि शेपूट अशी हलवली की औषधाचा ट्रे खाली! बाई हसल्या, मी हसले, आणि हे, हे इथं बसलेले, ढसाढसा रडले. खोटं आहे का आप्पा?

त्यानंतर पाच अवसा गेल्या. उपास बंद, झटका बंद. म्हणून सांगते, पोरांनो, चिंचओढ्याच्या वाटेनं खुशाल जा, अवसेला जा, गाणी म्हणत जा. पण घरातलं जनावर आजारी पडलं आणि कोणी मोठ्या माणसानं हडळीचं नाव घेतलं, तर त्यांच्या मागं एक पाऊल टाकू नका. त्या वाटेवरून बुंदी जेमतेम परत आली. दुसऱ्या कोणाचं कुत्रं येईलच असं नाही.