जावयाच्या प्रदर्शनातलं घूंऽऽ

लातूरला मी काय करून ठेवलं ते सांगतो, हसू नका. आमच्या जावयानं एका परदेशी बँडचं प्रदर्शन मांडलं होतं. लई जुना बँड, सगळी गाणी विजेच्या पेट्यांवर वाजवणारा. उद्घाटनाला मोठे साहेब आलेले अन् जावई घामाघूम. जावयांनी पहिली पेटी चालू केली, तर नुसतं घूंऽऽ. विजेच्या तीन फेजांतला एक गेला की विहिरीवरची मोटार अशीच घुमते अन् जळते. मी पळत जाऊन मेन स्विच पाडला. सगळीकडं अंधार.

जावई ओरडले, "मामा, ते गाणं होतं!"

म्या म्हटलं, "असंल पाव्हणं, पन पेटीचं वाइंडिंग जळायचं वाचलं की न्हाई?"

अंधारातून साहेब म्हणाले, "त्यांना बोलू नका. मी बी स्विच पाडायला उठतच होतो."